पाठीतलं पाणी

सांगलीच्या विश्रामबागेत मी लहान मुलांची डॉक्टर आहे. मेंदूज्वराच्या शंकेनं मणक्यातलं पाणी तपासायचं म्हटलं की घरच्यांचे चेहरे उतरतात. त्यांच्यासाठी हे अनुभवाचे बोल.

1. हे पाणी संपत नाही. जतकडची एक आजी मला म्हणाली होती, "मेंदूचं पाणी काढलंसा तर पोरगं येडं हुईल." नातवाला तीन दिवस ताप, उलट्या, मान ताठ. मी कागदावर चित्र काढलं. मेंदूच्या आतल्या पोकळ्यांत बारीक रक्तवाहिन्यांचे झुबके असतात, ते रक्तातून हे पाणी बनवतात. चौथ्या पोकळीतून ते बाहेर पडतं, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरतं आणि शेवटी मेंदूवरच्या मोठ्या शिरांत, म्हणजे परत रक्तात जातं. मोठ्या माणसात एका वेळी साधारण 150 मिली असतं, पण दिवसभरात 500 मिलीच्या आसपास तयार होतं. "आजी, जित्या झऱ्याच्या विहिरीतनं दोन तांबे काढले तर विहीर आटती का?" दुष्काळी जतच्या बाईला झरा समजावून सांगावा लागत नाही. तिनं मुलाला सही करायला सांगितलं.

2. सुई मज्जारज्जूला लागत नाही. मोठ्यांत तो पहिल्या-दुसऱ्या कंबरमणक्याशी संपतो, तान्ह्या बाळात थोडा खाली. सुई त्याच्याही खाली जाते. सिझेरियनला कंबरेत भूल देतात ती साधारण हीच जागा.

3. निम्मं काम मूल धरणाऱ्या सिस्टरचं. गुडघे पोटाशी, पाठ धनुष्यासारखी. मात्र तान्ह्याची मान जोरात वाकवायची नाही, श्वास अडतो.

4. नमुना लगेच लॅबला. शिकत असताना माझ्या हातून एक नमुना टेबलावर तासन्‌तास राहिला. त्यातल्या पेशी फुटल्या, मोजणी भरवशाची राहिली नाही आणि त्या लेकराला पुन्हा सुई सोसावी लागली. ते रडणं मी विसरलेले नाही. नमुना घेतानाच रक्तातली साखरही बघायची. तिच्याशी ताडल्याशिवाय पाण्यातल्या साखरेला अर्थ नाही.

5. मेंदूवरचा दाब वाढल्याची शंका असेल तर आधी स्कॅन करावा लागतो, सुई लांबते. पण मेंदूज्वराचं औषध लांबवायचं नाही.

6. ताप, उलट्या, झोपाळूपणा, झटका यांत मान ताठ व्हायची वाट बघू नका. वर्षाच्या आतल्या बाळात ती ताठ होईलच असं नाही; टाळू फुगली आहे का, हात लावून बघा. दवाखान्यासाठी मिरज इथून जवळ आहे. रात्र असली तरी निघा.