भाड्याच्या संगणकाचे मीटर

ठाकुर्लीच्या जुन्या माणसांना विचारा, रेल्वेचे चोळे वीजघर त्यांना अजून आठवते. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई-कुर्ला मार्गावर विजेची पहिली गाडी धावली. पुढे विजेची गरज वाढली, तेव्हा रेल्वेने ठाकुर्लीस स्वतःचे वीजघर बांधले. कोळसा जाळून वाफ करायची आणि वाफेवर जनित्र फिरवायचे, असा तो कारभार. आज ते बंद आहे. रेल्वे बाहेरून वीज घेते.

संगणकांचेही असेच झाले आहे. पूर्वी संस्था स्वतःचे यंत्र विकत घेत. आता ते तासाच्या भाड्याने मिळते. अमेझॉन कंपनीने २०१६ साली मुंबईत असे केंद्र सुरू केले. भाड्याच्या एका यंत्रास 'नोड' म्हणतात.

पण मीटर दिसला नाही, तर घरातले दिवे जळतच राहतात. म्हणून संगणकाच्या पडद्यावर एक आज्ञा टंकलिखित केली की नोडची यादी आणि तिच्यासमोर भाडे दाखवणारी साधने निघाली आहेत. 'ईकेएस-नोड-व्ह्यूअर' हे त्यांपैकी एक. त्यात काय दिसते, ते उदाहरणाने पाहू.

समजा, तीन सारखे नोड आहेत. प्रत्येकात ४ कोअर आहेत. त्यांतले थोडे यंत्राच्या स्वतःच्या कामास लागतात, म्हणून आपल्या कामास ३.९ उरतात. भाडे प्रत्येकी ताशी १५ रुपये.

नोड १ : राखलेले १.५ कोअर
नोड २ : राखलेले १ कोअर
नोड ३ : राखलेले १ कोअर

राखलेले एकूण ३.५, उपलब्ध ११.७, म्हणजे सुमारे ३० टक्के. भाडे ताशी ४५ रुपये. महिन्याचे भाडे काढताना तास किती धरावे? वर्षाचे ८७६० तास भागिले १२, म्हणजे ७३०. म्हणून ४५ × ७३० = ३२,८५० रुपये. यांतले ७० टक्के भाडे रिकाम्या जागेचे आहे!

स्मृतीची जागाही पुरत असेल, तर सारी कामे एकाच नोडवर मावतील. मग भाडे १०,९५० रुपये. मात्र तो एक नोड बिघडला, तर सर्व कामे एकदम थांबतील. दोन नोड ठेवले, तर भाडे २१,९०० होते, आणि एक बंद पडला तरी दुसरा सांभाळून घेतो. काटकसर आणि खात्री यांचा मेळ असा घालावा लागतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. 'राखलेले' म्हणजे 'वापरलेले' नव्हे. आगगाडीच्या डब्यात जागा आरक्षित असते, पण प्रवासी आलेला नसतो. हे साधन आरक्षणाचा तक्ता दाखवते; प्रवासी मोजत नाही. दुसरे असे की, पडद्यावरचे भाडे दरपत्रकातील असते. सवलत, कर, डिस्कचे भाडे आणि माहितीच्या वाहतुकीचा खर्च यांमुळे प्रत्यक्ष बिल वेगळे येते. 'स्पॉट' नावाचे नोड स्वस्त मिळतात, पण मालकास गरज पडली की अमेझॉनकडे ते दोन मिनिटांच्या सूचनेवर परत द्यावे लागतात. म्हणून ज्या कामात खंड चालतो, त्यासाठीच ते घ्यावेत.

थोडक्यात, ताशी दर लहान दिसतो, पण तासांची संख्या मोठी असते. म्हणून दर पाहताना तास नेहमी मोजावेत.

करून पाहा
एका शाळेने ताशी ८ रुपयांचा एक नोड घेतला. तो रोज २ तास, महिन्यात २० दिवस लागतो. बंद करायचे विसरल्यास किती रुपये वाया जातील?

उत्तर : गरजेचे भाडे ४० × ८ = ३२० रुपये. चालूच राहिल्यास ७३० × ८ = ५,८४० रुपये. वाया ५,५२० रुपये.