हॅच मरतात, पण अडचण मरणात नाही

'ऑक्सिजन नॉट इन्क्लुडेड'मध्ये पाळलेले हॅच एकेक करून मरतायत आणि कोळसा आटत चाललाय? आधी चारा बघा. पाळीव हॅच उपाशी राहिला तर मरतोच. पण चारा भरपूर असेल तर? हॅचचं आयुष्यच 100 सायकलचं. म्हातारपणाला औषध नाही. मग खरा प्रश्न असा : नवीन पिल्लं का येत नाहीत? प्रत्येक हॅचला 12 टाइल जागा लागते. म्हणजे 96 टाइलच्या तबेल्यात 8च. आणि तिथे पडलेली अंडीही या हिशेबात धरली जातात! दाटी झाली की पुढची अंडी थांबतात. म्हणून अंडी बाहेरच्या खोलीत हलवा, जागा रिकामी झाली की पिल्लू आत आणा. आज तबेला उघडून एवढंच मोजा : जाणाऱ्याच्या मागे कोणी येतंय ना?