नोटीस हातात पडेपर्यंत

मेडिकल दुकानांच्या परवान्यांचं काम मी औषध प्रशासनाच्या एका जिल्हा कार्यालयात बरीच वर्षं केलं. कारणे दाखवा नोटीस टाइप व्हायला वेळ लागत नाही. ती योग्य माणसाच्या हाती पोचवणं, हे खरं काम. नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी हे चार शब्द.

१. नोटीस कोणाला, हे आधी पक्कं करा. परवाना मालकाचा किंवा फर्मचा असतो, तर फार्मासिस्टची नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिलकडे असते. फार्मासिस्टच्या गैरहजेरीत औषधं विकली गेली, तर परवान्याबाबतची नोटीस परवानाधारकाला जाते. फार्मासिस्टच्या नोंदणीचा निर्णय कौन्सिलचा असतो.

२. 'नियमांचा भंग झाला आहे' एवढ्यावर भागवू नका. तपासणीची तारीख, बिलाचा क्रमांक, शेड्यूल एच-१ मधलं कोणतं औषध नोंदवहीत चढलं नव्हतं, सगळं लिहा. अहवालाची प्रत जोडा. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याआधी कारण दाखवण्याची संधी द्यावी, असं १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६६ सांगतो. आरोपच नीट कळला नाही, तर माणूस उत्तर कशाचं देणार? आणि मराठीत लिहा.

३. दुकान बंद असेल तर घरच्या पत्त्यावरही पाठवा. रजिस्टर टपाल आता स्पीड पोस्टात विलीन झालंय, तरी नोंदणी आणि पोचपावती मागून घ्या. पाकीट परत आलं तर पोस्टमनचा शेरा वाचा. 'घेण्यास नकार' आणि 'सोडून गेले' यांत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिल्यात बजावणी झाली असं साधारणपणे धरता येतं. दुसऱ्यात नवा पत्ता शोधावाच लागतो. औषध निरीक्षकाच्या हस्ते दिली, तर घेणाऱ्याचं नाव, मालकाशी नातं, तारीख आणि सही घ्यावी.

४. मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट तारखांची. नवा परवाना नाकारला, तर अर्जदाराला आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत राज्य शासनाकडे अपील करता येतं. परवाना रद्द किंवा निलंबित झालेल्याला तीन महिने आहेत, पण ते मोजायचे आदेशाच्या तारखेपासून. म्हणजे सही झालेला कागद जावक टेबलावर पडून राहिला, तर त्याच्या अपिलाचे दिवस आपल्या टेबलावर संपतात. तालुक्याच्या गावी इन्सुलिन ठेवणारं दुकान कधी एकच असतं. तिथे हे दिवस गिऱ्हाइकांचेही असतात. सही झाली त्याच दिवशी टपाल गेलं पाहिजे. यात सवलत नाही.

५. पोचपावती त्याच फायलीत लावा.

६. नोटीस म्हणजे शिक्षा नव्हे, हे समोरच्याला स्पष्ट सांगा. लोक घाबरून येतात, कोणी वकिलाकडे पैसे घालवून येतो. खुलासा घेऊन आला की आवक क्रमांक टाकून पोच द्या, मुदतीच्या अखेरच्या दिवशी ऑफिस सुटायच्या वेळी आला तरीसुद्धा. आणि निर्णय लिहायला घेण्याआधी तो खुलासा पूर्ण वाचा.