जिंकण्यासाठी हरावे काय?
(बर्फावरील हॉकीचा एक मार्गदर्शक : बेंग्ट-ऑके गुस्टाफसन)

द्वितीय वर्ष, कला

हॉकी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मेजर ध्यानचंद उभे राहतात. परंतु उत्तर युरोपात आणि कॅनडात हॉकी या शब्दाने बर्फावरील हॉकीचाच बोध होतो. आपल्याकडे लडाखसारखा हिमप्रदेश सोडला तर हा खेळ फारसा कोणी पाहिलेला नसतो. म्हणून प्रथम त्याची थोडक्यात ओळख करून देतो.

प्रत्येक संघाचे गोलरक्षकासह सहा खेळाडू पायांत पात्यांचे बूट घालून बर्फावर उतरतात. चेंडूऐवजी कठीण रबराची चपटी चकती असते. वीस-वीस मिनिटांचे तीन डाव होतात. या खेळाचा वेग इतका असतो की कोणताही खेळाडू एका वेळी मिनिटभराहून अधिक काळ पूर्ण जोमाने खेळू शकत नाही. त्यामुळे खेळ न थांबवताच खेळाडूंच्या तुकड्या सतत बदलतात. कोणती तुकडी केव्हा पाठवायची, हे मार्गदर्शक ठरवतो. एका अर्थाने तो मैदानाबाहेर उभा राहून खेळणारा सातवा गडीच होय.

अशा एका मार्गदर्शकाच्या कारकिर्दीने मला विचारात पाडले. त्यांचे नाव बेंग्ट-ऑके गुस्टाफसन. त्यांचा जन्म 1958 साली स्वीडनमधील कार्ल्सकोगा येथे झाला. बोफोर्स तोफांचा कारखाना ज्या गावात आहे, तेच हे गाव. कार्ल्सकोगाहून ते कार्लस्टाड येथील फेरयेस्टाड या नामांकित संघात गेले आणि 1979 मध्ये अमेरिकेतील ‘वॉशिंग्टन कॅपिटल्स’ या संघात दाखल झाले.

तो काळ युरोपीय खेळाडूंना सोपा नव्हता. 1973 साली बोर्ये साल्मिंग हा स्वीडिश खेळाडू टोरांटोला गेला, तेव्हा स्वीडनचे खेळाडू भित्रे असतात असे म्हणून त्याला हिणवले जाई. धक्काबुक्कीला तेथे मर्दुमकी समजत. गुस्टाफसन यांनी उत्तर दिले ते खेळाने. 8 जानेवारी 1984 रोजी फिलाडेल्फियाच्या संघाविरुद्ध त्यांनी एकाच सामन्यात पाच गोल केले. मधले 1986-87 चे वर्ष त्यांनी आपल्या गावच्या बोफोर्स संघाकडून खेळण्यात घालवले, आणि पुन्हा वॉशिंग्टनला जाऊन 1989 पर्यंत ते तेथे खेळले. 1987 आणि 1991 या दोन्ही वर्षी विश्वविजेत्या ठरलेल्या स्वीडनच्या संघात ते होते.

पुढे ते मार्गदर्शक झाले. 2002 मध्ये त्यांच्या हाताखाली फेरयेस्टाडने स्वीडनचे विजेतेपद मिळवले. 2005 मध्ये राष्ट्रीय संघाची धुरा त्यांच्याकडे आली आणि दुसऱ्याच वर्षी त्यांच्या कीर्तीचा कळस झाला. पण त्याच वर्षी एक वादही निर्माण झाला. माझ्या मते या कारकिर्दीतील सर्वांत अभ्यसनीय भाग तोच आहे.

2006 च्या तुरिन ऑलिंपिकमध्ये बारा संघांचे दोन गट होते. एका गटातील दुसऱ्या क्रमांकाची गाठ दुसऱ्या गटातील तिसऱ्याशी पडणार होती. गटातील शेवटचा सामना स्लोव्हाकियाशी होता. तो जिंकला तर पुढे कॅनडा किंवा चेक प्रजासत्ताक यांच्यासारखा बलाढ्य प्रतिस्पर्धी समोर येण्याचा संभव; हरला तर वाट त्या मानाने सुकर! अशा वेळी हरणेच सोयीचे ठरेल काय, हा विचार गुस्टाफसन यांनी सामन्याआधी उघडपणे बोलून दाखवला. स्वीडन तो सामना 0-3 असा हरला. उपउपांत्य फेरीत त्यांना स्वित्झर्लंड मिळाला. त्याला 6-2 असे नमवून, उपांत्य फेरीत चेक संघाला 7-3 असे हरवून ते अंतिम सामन्यात पोहोचले. 26 फेब्रुवारीला फिनलंडविरुद्ध तिसरा डाव सुरू होऊन अवघी दहा सेकंदे झाली असताना निकलास लिडस्ट्रॉमने निर्णायक गोल केला आणि 3-2 अशा फरकाने सुवर्णपदक स्वीडनचे झाले. त्याच वर्षी मे महिन्यात रीगा येथे त्यांनी विश्वविजेतेपदही पटकावले. एकाच वर्षी या दोन वेगवेगळ्या स्पर्धा जिंकण्याचा पराक्रम त्यापूर्वी कोणत्याही देशाने केला नव्हता.

आता प्रश्न असा, की हे योग्य झाले काय? संघ मुद्दाम हरला, असे सिद्ध झाले नाही आणि कोणावर कारवाईही झाली नाही. गुस्टाफसन यांच्या बाजूने म्हणता येईल की, सेनापती एखादा गड सोडून राज्य राखतो. शिवाय दोष स्पर्धेच्या रचनेचाही आहे. हरणाऱ्यालाच बक्षीस मिळेल अशी रचना असेल, तर मोह होणारच.

तरीही मला एक भेद करावासा वाटतो. परीक्षेत पाचांपैकी तीन प्रश्न सोडवायचे असतील, तर सोपे तीन निवडणे ही हुशारी होय. परंतु घेतलेल्या प्रश्नाचे उत्तर जाणूनबुजून चुकवणे ही हुशारी नव्हे. महत्त्वाच्या खेळाडूंना विश्रांती देणे पहिल्या प्रकारात मोडते; हरण्यासाठी खेळणे दुसऱ्या प्रकारात. कारण सामना दोन संघांपुरता नसतो. त्या निकालावर तिसऱ्याचे भवितव्य अवलंबून असते, आणि तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकाचाही त्यात विश्वास गुंतलेला असतो. 2012 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये याच कारणासाठी बॅडमिंटनच्या आठ महिला खेळाडूंना स्पर्धेबाहेर काढण्यात आले. तेथेही सोपा प्रतिस्पर्धी मिळावा हाच हेतू होता.

आणि हिशेब तरी नेहमी जुळतो काय? 2010 च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये गुस्टाफसन यांचाच संघ उपउपांत्य फेरीत 3-4 असा हरला, तोही स्लोव्हाकियाकडूनच! त्या वर्षीच्या विश्वस्पर्धेत कांस्यपदक मिळवून त्यांची राष्ट्रीय संघावरील कारकीर्द संपली.

एवढ्यावरून त्यांचे मोठेपण मी नाकारत नाही. मनातला मोह चारचौघांत बोलून दाखवणारा माणूस ढोंगी तर खचितच नव्हे. पण थोरांच्या चरित्रातून केवळ यशाचे गणित शिकायचे नसते. जिंकावे कसे, हे गुस्टाफसन यांच्याकडून शिकावे; आणि जिंकण्यासाठी काय करू नये, याचा विचारही त्यांच्याच चरित्राच्या आधारे करावा, असे मला वाटते.