ताडोब्याच्या दारी कॅमेऱ्याची लेन्स : घेण्यापूर्वी काय तपासावे?

चंद्रपूरच्या बाजारात कापड विकता विकता आम्हाला तीस वर्षांवर काळ झाला. तागा हातात घेतला की सूत, पन्हा आणि खळ यांचा अंदाज आम्हाला येतो. पण काही वर्षांपूर्वी दुकानात एक वेगळीच मागणी सुरू झाली. गिऱ्हाईक येई, मातकट रंगाचा जाड कॅनव्हास सव्वा मीटर मागे आणि लगेच विचारी, चांगला दर्जी कोण? आम्हाला वाटले जीपचे सीट शिवायचे असेल. नंतर समजले की जंगलात कॅमेऱ्याखाली ठेवायची ती उशी आहे, आणि त्या उशीवर टेकवायची लेन्स आमच्या आठवड्याच्या विक्रीपेक्षा महाग आहे.

तोवर हा शौकिनांचा मामला म्हणून आम्ही सोडून दिला होता. मग आमच्या नात्यातला एक मुलगा, जो लग्नसमारंभाचे फोटो काढतो, कर्जाचे कागद घेऊन आमच्याकडे आला. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांना लेन्स भाड्याने द्यायची, त्यासाठी कर्ज काढायचे आणि जामीन आम्ही राहायचे. ज्या मालाची पारख नाही त्यासाठी सही करणे आमच्या स्वभावात नाही. म्हणून महिनाभर आम्ही त्याच्याबरोबर हिंडलो, नागपूरच्या दुकानांत बसलो, मोहर्लीच्या दाराशी पहाटे उभे राहिलो. जे शिकलो ते व्यापारी बंधूंपुढे ठेवीत आहोत, कारण या दोन जिल्ह्यांतील पुष्कळ घरांतील मुले आज हाच विचार करीत आहेत.

मागणी खरी आहे, यात शंका नाही. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, अंधारीचे अभयारण्य १९८६ साली झाले आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. मोहर्ली, कोलारा, नवेगाव, झरी अशा दारांतून देशभरचे लोक आत जातात. सफारीत मोबाइल वापरायला बंदी आहे, म्हणजे वाघाची तसबीर हवी तर कॅमेरा हवाच. पुण्या-मुंबईचे कुटुंब दोन दिवसांसाठी लाखाची वस्तू विकत घेत नाही, ते भाड्याने मागते. प्रश्न एवढाच की कोणती लेन्स, केवढ्याला आणि कोणत्या अटींवर.

लेन्सवर दोन आकडे असतात. पहिला मिलिमीटरमध्ये, त्याला आम्ही पल्ला म्हणतो. साध्या फोटोला ५० पुरतो, जंगलात ४०० ते ६०० लागतो. दुसरा आकडा एफ या अक्षरापुढे असतो. तो कापडवाल्याला लवकर कळतो, कारण तो लेन्सचा पन्हा आहे. पल्ल्याला त्या आकड्याने भागा. ६०० ची लेन्स एफ ४ असेल तर भागाकार १५० मि.मी., म्हणजे सहा इंच रुंदीची वाट तिला प्रकाशासाठी हवी. तीच ६०० ची लेन्स एफ ६.३ असेल तर साधारण ९५ मि.मी., पावणेचार इंच. पहिलीत सुमारे अडीचपट प्रकाश येतो, आणि किंमत अडीचपट नव्हे तर कितीतरी पट होते. सहा इंची निर्दोष काच घासणे, तिला लेप देणे आणि तशा अनेक काचा एका रेषेत बसवणे हे मोजक्या कारखान्यांचे काम आहे. म्हणून ६०० एफ ४ दहा लाखांच्या वर जाते आणि एफ ६.३ पर्यंत येणाऱ्या झूम लेन्स लाख ते दोन लाखांच्या आसपास मिळतात. लक्षात ठेवा, एफचा आकडा मोठा म्हणजे वाट अरुंद. इथे नवशिका हटकून चुकतो.

मुलाच्या डोळ्यांपुढे सहा इंची लेन्स होती. पहाटे बांबूच्या सावलीत वाघ निघाला तर ती लेन्स कामाची, हे कबूल. पण ऊन वर आले की दोन्हींतला फरक गिऱ्हाइकाला दिसत नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४७ अंशांपर्यंत चढतो. तापलेल्या जमिनीवरून हवा थरथरते आणि लांबचे चित्र विरघळल्यासारखे होते. त्याला दहा लाखांची काचही काही करू शकत नाही. वजन पाहा. कॅननची ६०० एफ ४, तिसरी आवृत्ती, तीन किलोंवर भरते. आधीची जवळजवळ चार किलो होती. सिग्माची १५० ते ६०० दोन किलोंच्या आत आहे. मुलाबाळांसह जिप्सीत बसलेला पाहुणा कोणती उचलील, हे सांगायला नको. ज्याला सहा इंची हवी तो शौकीन आपली स्वतःची घेऊन येतो, भाड्याची मागत नाही.

दुसरी अडचण काज-बटणाची. प्रत्येक कंपनीच्या कॅमेऱ्याचे तोंड वेगळे. निकॉनची लेन्स कॅननवर बसत नाही, सोनीची दोघांवर बसत नाही. त्यात २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोघांनी बिनआरशाच्या मोठ्या कॅमेऱ्यांसाठी नवे तोंड काढले. जुनी लेन्स त्याच कंपनीच्या नव्या कॅमेऱ्यावर जोडकडी लावून चालते, पण नवी लेन्स जुन्या कॅमेऱ्यावर चालत नाही. आरशाच्या कॅमेऱ्यांच्या लेन्स त्यामुळे जुन्या बाजारात स्वस्त झाल्या आहेत. आमच्या मते लहान भांडवलाच्या माणसाने त्याच घ्याव्यात, आणि लेन्स एकटी न देता कॅमेऱ्यासकट द्यावी. मग गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्याचे तोंड कोणते हा प्रश्नच उरत नाही.

जुना माल घेताना टॉर्च बरोबर न्या. दोन्ही टोकांची झाकणे काढा, एका बाजूने उजेड टाकून दुसरीकडून पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर ती बुरशी. माल परत ठेवा. धुळीचे दोन-चार कण असतात, त्याने बिघडत नाही. आतल्या पात्यांवर तेल, तोंडाच्या स्क्रूंवर पेचकसाचे ओरखडे, फोकस घेताना करकर, यांवर भाव तोडा किंवा उठा. लेन्सवरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळवा. बिल नसेल तर स्वस्तपणाला भुलू नका, चोरीचा माल निघाला तर दोष आपल्या दुकानावर येतो.

पावसाळ्याचे नुकसान

इथे आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. आम्ही जामीन राहिलो नाही. त्याऐवजी थोडी रक्कम आम्ही घातली, थोडी मुलाने, आणि १५० ते ६०० ची जुनी लेन्स घेतली. मुलगा नाराज झाला, महिनाभर आमच्याशी सरळ बोलला नाही. जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा बंद असतो. लेन्स सुरक्षित राहावी म्हणून ती आम्ही आपल्या हाताने दुकानाच्या कपाटात ठेवली, गादीच्या कापसात गुंडाळून, चामडी पेटीत, आणि सवयीने चार डांबरगोळ्या टाकल्या. ऑक्टोबरमध्ये झाकण उघडले तर आत जाळे.

कापूस आणि चामडे ओल धरून ठेवतात, हे आम्हाला, कापडाच्या व्यापाऱ्याला, ठाऊक नव्हते असे कसे म्हणावे? ताग्यावर पावसाळ्यात येणारे काळे ठिपके आणि काचेवरचे हे धागे एकाच जातीचे. डांबरगोळी कपड्यातली कसर मारते, बुरशीला तिचा उपाय नाही. उलट कॅमेऱ्याजवळ डांबरगोळ्या आणि कापूर ठेवू नका, असे निकॉनच्या माहितीपुस्तकात छापलेले असते. आम्ही ते वाचले नव्हते. नागपूरच्या कारागिराने लेन्स उघडून साफ केली, पण बुरशीने काचेचा लेप एका जागी खाल्ला तो खाल्लाच. खर्च आम्ही आमच्या खात्यावर टाकला, मुलाच्या नाही.

हवेतील ओल साठ-पासष्ट टक्क्यांवर राहिली की बुरशीला रान मोकळे होते. चाळीस ते पन्नास टक्के योग्य. विजेवर चालणारे कोरडे कपाट मिळते. तेवढी ऐपत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत ओल दाखवणारे लहान यंत्र आणि सिलिका जेलच्या पुड्या. निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरावेत. आठवड्यातून एकदा लेन्स बाहेर काढून उजेडात धरावी. ज्या तीन महिन्यांत भाडे येत नाही, त्याच तीन महिन्यांत माल सर्वांत जास्त खराब होतो, हे या धंद्याचे वैशिष्ट्य आहे.

पुसण्याचे कापडही आमच्या अधिकारातले. नवी कोरी मलमल मऊ म्हणून पुष्कळजण वापरतात. तिच्यात खळ असते, ती काचेवर घासते. गळ्यातल्या रुमालात उन्हाळ्याची धूळ असते, तो तर नकोच. आधी रबरी फुंकणीने धूळ उडवावी, तोंडाने फुंकू नये, मग धुतलेल्या मायक्रोफायबरने हलके पुसावे.

दर्ज्याचे काम

लेन्सपेक्षा आम्हाला या उशीत जास्त बरकत दिसते, कारण भांडवल थोडे आणि हुनर आपल्या घरचे. उशी घोड्याच्या खोगिरासारखी दोन पायांची हवी, म्हणजे जिप्सीच्या दांडीवर बसते आणि घसरत नाही. बाहेरून बारा औंसांच्या आसपासचा कॅनव्हास, आधी भिजवून आटवलेला. आत मांजरपाटाची वेगळी पिशवी. नायलॉनच्या दोऱ्याची दुहेरी शिलाई. तोंडाला चेन आणि तिच्यावर कापडी पट्टी. चिकटणारी वेल्क्रो पट्टी लावू नये, ती उघडताना फर्र असा आवाज होतो आणि जंगलात तो आवाज कोणालाच नको असतो.

पिशवी रिकामी विकावी. विमानाने नागपूरला उतरणारा पाहुणा तीन-चार किलोंचे ओझे आणत नाही, ते इथेच भरावे. वाळू भरू नका, शिलाईतून बारीक धूळ झिरपते आणि लेन्सवर बसते. आमचा भाताचा मुलूख. नागभीड तालुक्यातील नांदेडच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेला एचएमटी तांदूळ देशभर गेला. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या गिरण्यांत तांदळाची कणी मिळते. ती उशीला चांगली, लेन्सच्या आकाराप्रमाणे दबते. मात्र दर हंगामाला बदला, नाहीतर सोंडे होतात, आणि मांजरपाटाची शिवण पक्की ठेवा. जंगलात धान्य सांडणे बरोबर नाही.

रंगाबाबत एक ताकीद. शौकीन गिऱ्हाईक लष्करी छापाचे कापड मागते. आम्ही देत नाही. लष्कराने १५ जानेवारी २०२२ रोजी नवा पोशाख दाखवला आणि पुढे त्याच्या नमुन्याची हक्कनोंदणीही करून घेतली. त्या छापाचे कापड बाजारात खपवणे म्हणजे आपण होऊन कज्जा ओढवणे. गडचिरोलीकडे तर अशा कापडाची पिशवी घेऊन हिंडणाऱ्याला दहा ठिकाणी जाब द्यावा लागेल. साधा मेंदी किंवा मातीचा रंग तेवढेच काम करतो.

गडचिरोलीचे गिऱ्हाईक निराळे आहे आणि अजून थोडे आहे. आलापल्लीच्या वनवैभवातील उंच साग, कमलापूरचे हत्ती, सिरोंच्याचा नदीकाठ, यांना ६०० चा पल्ला लागत नाही, रुंद चित्र घेणारी लहान लेन्स पुरते. तिकडे आज भाड्याचे दुकान टाकू नये, उश्या आणि पावसाची आवरणे आलापल्ली-अहेरीच्या दुकानांत ठेवून पाहावीत.

भाड्याचा हिशेब

ऑक्टोबर ते जून २७३ दिवस. मंगळवारी ताडोबा बंद, म्हणजे ३९ दिवस वजा, राहिले २३४. मुलाने कर्जाच्या अर्जात हेच दिवस धरले होते. प्रत्यक्षात लेन्स जाते ती शनिवार-रविवारी, दिवाळीत, नाताळात आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत. साठ-सत्तर दिवस धरा. समजा लेन्स १ लाख ६० हजारांची आणि भाडे रोजचे १५००. साठ दिवसांचे ९० हजार झाले, मुद्दल निघायला पावणेदोन वर्षांवर लागली. त्यात व्याज नाही, दुरुस्ती नाही, मधल्या काळात नवा माल आल्याने पडलेला भाव नाही. कर्जाचा हप्ता मात्र जुलै-ऑगस्टमध्येही येतो. हा हिशेब मांडला तेव्हा मुलाने कागद परत पिशवीत घातले.

आता कराचे. केवळ माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटीच्या नोंदणीतून सूट आहे. भाडे ही सेवा आहे आणि सेवेची मर्यादा २० लाखांची. तीस लाखांचे कापड विकणारा नोंदणी नसलेला दुकानदार आपल्याच पॅनवर लेन्स भाड्याने देऊ लागला, तर ४० लाखांची सूट त्याला राहत नाही, भाडे वर्षाचे दहा हजार का असेना. दुकानाला वेगळी पाटी लावून भागत नाही. मुलाने आपल्या पॅनवर वेगळा धंदा करावा आणि आधी कर सल्लागाराला विचारावे.

देताना वहीत लेन्सचा क्रमांक, झाकणे, पट्टा, पेटी यांची नोंद करा, गिऱ्हाइकासमोर टॉर्च लावून काच दाखवा आणि सही घ्या. परत घेताना तेच. ओळखपत्राची प्रत आणि अनामत घ्या. नुकसान कोणाच्या माथी, हे पावतीवर मराठी आणि हिंदीत छापा. गिऱ्हाइकाच्या हातून पडली तर त्याने भरावे, आतले यंत्र आपोआप बंद पडले तर ते मालकाचे, त्यासाठी अनामत अडवू नये. दुकानाच्या आगीचा विमा जिप्सीत पडलेल्या लेन्सला लागू आहे असे धरून चालू नका, विमा एजंटकडून लेखी घ्या.

मुलाकडे आज ती एकच लेन्स आणि दोन जुने कॅमेरे आहेत. काचेवरचा खाल्लेला भाग तो प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी दाखवतो आणि भाडे शंभर रुपये कमी घेतो. उश्या आमच्या गल्लीतले दर्जी शिवतात, कॅनव्हास आमचा. या पावसाळ्यात आम्ही मेंदी रंगाचे दोन तागे जास्त मागवले आहेत आणि कोरड्या डब्याची चावी मुलाकडे दिली आहे.