माउंटखालची गुलाबी पट्टी

फ्रेमच्या पाठीमागचे बारीक खिळे पकडीनं एकेक करून उपटले, हार्डबोर्ड काढला आणि माउंटसकट चित्र टेबलावर ठेवलं. मेणवलीच्या घाटावरची संध्याकाळ होती ती. तीन वर्षांपूर्वी रंगवली तेव्हा घाटाच्या काळ्या पायऱ्यांपुढे कृष्णेच्या पाण्यात गुलाबी आभाळ उतरलं होतं. आता सगळं नुसतं राखाडी-निळं. माउंट उचलला, तर त्याच्या कडेखाली झाकली गेलेली दोन-तीन मिलिमीटरची पट्टी मात्र अजून तशीच गुलाबी होती. ज्यांनी पैसे मोजून चित्र घेतलं होतं, त्या हॉटेलचे मॅनेजर शेजारी उभे होते. ते काहीच बोलले नाहीत. मला फार लाज वाटली.

निसर्गचित्रं विकून घर चालवायचं असं ज्यांनी मनाशी ठरवलं आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. ती ऑर्डर मला २०१४ साली मिळाली होती. घाटमाथ्यावरचं नवं हॉटेल, चौदा चित्रं, सगळी हाफ शीट, म्हणजे १५ बाय २२ इंच. फ्रेमसह प्रत्येकी ३,००० रुपये. सगळा व्यवहार चहा पिता पिता तोंडी ठरला. एवढं मोठं काम पहिल्यांदाच हाती आलं होतं. लिहून मागितलं तर ते दुसऱ्याकडे जाईल, अशी धास्ती होती. १०,००० रुपये हातात पडले आणि मी वाई, मेणवली, धोम, पाचगणी असा बोर्ड पाठीला लावून फिरू लागलो.

हिशेब मी काम संपल्यावर केला, आणि इथेच पहिली चूक झाली. ४२,००० रुपयांतून फ्रेमवाल्याचे १२,६०० गेले. कागद, रंग, पेट्रोल, बाहेरचं जेवण यांत ७,४०० गेले. उरले २२,०००. जागेवर जाऊन केलेली स्केचेस, फसलेली आणि फाडलेली चित्रं धरून दिवस लागले पंचेचाळीस. दिवसाला पाचशे रुपयेही पडले नाहीत, आणि उरलेली रक्कम मिळेपर्यंत आठ महिने गेले. म्हणून सांगतो, भाव सांगण्याआधी दिवस मोजा. फसणाऱ्या चित्रांचेही दिवस त्यात धरा, कारण जलरंगात ती फसतातच. निम्मी रक्कम हातात आल्याशिवाय कागद भिजवू नका आणि उरलेली रक्कम चित्रं पोचवतानाच घ्या. फ्रेमचा खर्च वेगळा लावा.

काम चालू असतानाच खर्च भागणार नाही असं वाटू लागल्यावर मी हात आखडला तो सामानात. कापसाच्या ३०० जीएसएम कागदाऐवजी लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद आणला. संध्याकाळच्या गुलाबीसाठी अलिझरिन क्रिमझन वापरला. दिसायला तो फार देखणा रंग, पण पातळ वॉशमध्ये उजेडाला टिकत नाही. अल्ट्रामरीन टिकला, म्हणून आभाळात निळं तेवढं उरलं. ट्यूबवर बारीक अक्षरात रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायची सवय लावून घ्या. पीआर ८३, म्हणजे अलिझरिन, दिसलं तर ती ट्यूब विकायच्या चित्रासाठी उघडू नका. त्याजागी पीव्ही १९, म्हणजे क्विनॅक्रिडोन रोझ घ्या. कंपनीच्या शब्दावरही थांबू नका. आपल्या पेटीतल्या प्रत्येक रंगाचा पातळ पट्टा कागदावर ओढा, अर्धा भाग काळ्या कागदानं झाका आणि उन्हाच्या खिडकीत तीन-चार महिने टांगून ठेवा. काळा कागद काढला की कोण टिकला ते कळतं.

बुरशीची गोष्ट वेगळी. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्या टापूत चित्राच्या पाठीला थेट हार्डबोर्ड लावणं म्हणजे ओल चित्राला चिकटवून देणं. चौदांपैकी पाच चित्रांवर तपकिरी ठिपके उठले होते. आता मी आम्लरहित माउंट वापरतो, पाठीमागेही तसाच बोर्ड घालतो, फ्रेमची पाठ टेपनं बंद करतो आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या गुंड्या लावतो, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यामध्ये वारा खेळतो. फ्रेमवाल्याला हे फोनवर सांगून भागत नाही, त्याच्या दुकानात उभं राहून करून घ्यावं लागतं.

खराब झालेली पाचही चित्रं मी स्वखर्चानं पुन्हा करून दिली. ती पोचवायला गेलो तेव्हा काउंटरवर हॉटेलचं कॅलेंडर दिसलं. बारा महिने, बारा चित्रं, सगळी माझी. सही कापून टाकलेली. मी तावातावानं वकिलांकडे गेलो. त्यांनी १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं १७ वं कलम समोर ठेवलं. कुणी मोबदला देऊन, सांगून चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार केलेला नसेल, तर त्या चित्राचा पहिला कॉपीराइट काढून घेणाऱ्याचा. आधीच काढलेलं चित्र कुणी विकत घेतलं तर गोष्ट वेगळी. तिथं कॉपीराइट चित्रकाराकडेच राहतो, लिहून दिल्याशिवाय जात नाही. हा फरक मला वयाच्या चाळिशीपर्यंत कुणी सांगितला नव्हता, आणि तो कलाशाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असायलाच हवा, असं मला कळकळीनं वाटतं. एक दिलासा मात्र होता. कलम ५७ प्रमाणे चित्र आपलं आहे असं म्हणण्याचा हक्क कॉपीराइट गेला तरी चित्रकाराचाच असतो. त्या आधारावर मी शांतपणे पत्र लिहिलं. पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर माझं नाव आलं. पैसे काही आले नाहीत.

आता माझा करार एका पानाचा असतो, साध्या मराठीत. चित्रं किती, कुठल्या मापाची, कधी द्यायची, आगाऊ किती, फेरबदल किती वेळा. आणि शेवटी हे वाक्य: ‘या चित्रांचा कॉपीराइट चित्रकाराकडे राहील. चित्रं भिंतीवर लावण्यासाठी आहेत; छपाईसाठी वेगळी लेखी परवानगी आणि वेगळं मानधन लागेल.’ या वाक्यामुळे आजवर दोन गिऱ्हाइकं परत गेली. बाकीच्यांनी वाचलं, एखाददुसरा प्रश्न विचारला आणि सही केली. एका शाळेनं तर छपाईचे वेगळे पैसे आपणहून विचारले.

मेणवलीचं ते जुनं चित्र मी मागून घेतलं. ते माझ्या टेबलाच्या खणात, माउंटसकट आहे. कुणी मुलगा किंवा मुलगी पहिली ऑर्डर मिळाल्याचं सांगायला आली की आधी पेढा घेतो, मग खण उघडून माउंट उचलतो आणि ती गुलाबी पट्टी दाखवतो. करार कसा लिहायचा ते त्यानंतर बसून सांगतो.