धातूचे चूर्ण वाहते कसे?

रवा नरसाळ्यातून सहज ओघळतो, मैदा मात्र अडून बसतो. असे का? कणाचा व्यास निम्मा झाला की त्याचे वजन आठव्या हिश्शावर येते; परंतु कणाकणांतील ओढ साधारण निम्मीच होते. म्हणून बारीक कण एकमेकांना धरून राहतात.

कारखान्यात लोखंडाचे चूर्ण साच्यात दाबून, नंतर भट्टीत तापवून दंतचक्रे बनवितात. चूर्ण साच्यात सारखे भरले नाही, तर एखादा दाता कच्चा राहतो आणि चालत्या यंत्रात तुटू शकतो. म्हणून आधी परीक्षा घेतात. सुमारे २.५ मिलिमीटर छिद्राच्या ‘हॉल’ नरसाळ्यातून ५० ग्रॅम चूर्ण किती सेकंदांत पडते, ते मोजतात. गोल कण लवकर वाहतात. खडबडीत किंवा दमट कण रेंगाळतात.

पापडीसारख्या समुद्राजवळच्या गावी पावसाळ्यात मीठ ओलसर होते. तेच घेऊन प्रयोग करा. कोरडे बारीक मीठ कागदी नरसाळ्यातून ताटात ओता. ढिगाची उंची ३ सेंटिमीटर व पायाची त्रिज्या ५ सेंटिमीटर आली, तर उताराच्या कोनाचा स्पर्शक ०.६, म्हणजे कोन सुमारे ३१ अंश. आता दमट मीठ ओता. कोन वाढला का? जितका कोन मोठा, तितका प्रवाह वाईट.

धातूचे चूर्ण मात्र घरी वापरू नका. अॅल्युमिनियमची बारीक भुकटी हवेत उडाली, तर ठिणगीने भडकते.